अडीच फुटी समुद्राची दाढी

आमच्याकडे हिरवं व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. जूनमध्ये ढग एकदा तोरण्यावर टेकले की पंधरा दिवसांत दगड हिरवा, कौल हिरवं, शाळेची पायरी हिरवी आणि त्या पायरीवरून घसरलेल्या पोराच्या चड्डीची मागची बाजूही हिरवी. गेल्या वर्षी माझी मोटारसायकल आठ दिवस पडवीत उभी होती. नवव्या दिवशी सीटच्या शिवणीतून दोन पानांचं काहीतरी डोकावलं. शाळेतल्या शिपाईमामांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "नाचणी दिसतीय. राहू द्या."

मी भोरला राहतो आणि वेल्ह्याला शिकवतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण कंडक्टरकडे 'एक राजगड' मागितलं तर तो गडाच्या पायथ्याचं तिकीट फाडेल, म्हणून मी अजून वेल्हेच म्हणतो. नसरापूर, मार्गासनी, विंझर असा रोजचा रस्ता. पावसाळ्यात हा सगळा रस्ता म्हणजे एकच लांबलचक शेवाळ, मधूनमधून डांबर.

अशा मुलखात मी अडीच फूट लांबीची एक काचेची पेटी विकत आणली आणि तिच्यात हिरवं काही उगवू द्यायचं नाही, असा पण केला.

निमित्त चिरंजीवांचं. त्यानं निमोचा सिनेमा पाहिला. तो 2003 चा, म्हणजे त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण आजकाल पोरांना सगळंच कालचं वाटतं. त्यानंतर सोनेरी मासा, काळा मासा, शेपटीवाला मासा, काहीही दाखवलं तरी "हा निमो नाही" एवढंच उत्तर. निमो म्हणजे क्लाऊन मासा आणि क्लाऊन मासा म्हणजे खारं पाणी.

"भोरात समुद्र?" आई म्हणाली. "वरंध्याचा घाट उतरायचा, महाड गाठायचं, तिथून पुढं हवा तेवढा आहे की. जाऊन बघून या आणि परत या."

तिचं चुकत नव्हतं. पूर्वी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर मढे घाटासारख्या वाटांनी वर यायचं. वर यायचं ते खाण्यापुरतं. आपण होऊन घरात समुद्र कालवणारा आमच्या घाटमाथ्यावरचा पहिला माणूस बहुधा मीच. पुण्यातून बादलीभर मीठ आणलं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. ह्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा समुद्राचा सगळा बारदाना असतो. लिटरला 35 ग्रॅम हा हिशोब. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. आईनं ते मीठ पाण्यात जाताना पाहिलं आणि लोणच्याच्या किती बरण्या झाल्या असत्या ते मोठ्यानं सांगितलं.

खारेपणा मोजायला मी दुर्बिणीसारखं एक यंत्र घेतलं. त्यात थेंब टाकायचा, उजेडाकडे बघायचं, 1.025 आलं की समुद्र जमला. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, तेव्हा वरून साधं पाणी घालून मेळ बसवावा लागतो. एका दुपारी मी एक डोळा मिटून यंत्रात बघत होतो. आईनं टाकीत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाली, "तांब्याभर घाल." यंत्रानं 1.027 दाखवलं. तांब्याभर घातलं. अर्ध्या तासानं बघतो तर 1.026. आई म्हणाली, "माझा तांब्या, तुझा नव्हे." मोठा तांब्या आणला. 1.025.

मासे दोन आणले. आता ह्यांना समुद्रातून पकडावं लागत नाही, पिल्लं टाकीतच तयार करतात. ऐरोलीला खाडीकाठी कांदळवन प्रतिष्ठानचं तसं केंद्रच आहे. दोघांची नावं भाऊ आणि बाळू. क्लाऊनच्या जातीत सगळे जन्मतः नर असतात आणि जोडीतला जो दांडगा तो पुढं मादी होतो, ही माहिती मला नंतर कळली. वर्षभरात आमच्या भाऊंची वहिनी झाली. बायकोनं ते सहज मान्य केलं. मला अजूनही मधूनच 'भाऊ' अशी हाक जाते.

राहिलं प्रवाळ. क्लाऊन म्हटला की मागं प्रवाळ हवंच. प्रवाळ म्हणजे पोवळं, हे मला शाळेपासून माहीत. माझ्या पत्रिकेतल्या मंगळासाठी एक घालूनही झालंय. पण पोवळं दगड नाही, झाड नाही, तो प्राणी आहे, मोहरीएवढ्या तोंडांचं अख्खं गावच आहे, हे माहीत नव्हतं. तसंच आपल्याकडं दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही. कायदा 1972 चा, प्रवाळ त्यात 2001 साली आलं, तेही पहिल्या अनुसूचीत. म्हणजे वाघाच्या पंगतीत! दुकानदार आवाज खाली घेऊन "सर, ओरिजिनल पाहिजे का?" म्हणाला तेव्हा मला टाकीत पट्टेरी वाघ पोहताना दिसला. मास्तरकी पणाला लावून मी मान हलवली आणि रेझिनचं प्रवाळ घेतलं. गुलाबी, जांभळं, एक शेंदरी. त्याला खायला लागत नाही, ते मरत नाही, त्याला वनखातं विचारत नाही. निर्धास्त वस्तू.

खरं प्रवाळ मी मालवणला पाहिलंय, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाण्यात तोंड खुपसून. रंग रेझिनपेक्षा कितीतरी बेताचे होते. देवाला दुकान चालवायचं नसावं.

तर ह्या निर्धास्त वस्तूवर दुसऱ्या महिन्यात लव आली.

पहिल्यांदा ती मला आवडली. शेंदरी फांदीच्या टोकाला नववीतल्या पोराला फुटतं तसं मिसरूड. पाणी हललं की तेही हलायचं. आठवड्यानं मिसरुडाची मिशी झाली, पंधरा दिवसांनी दाढी. जवळ जाऊन बघितलं तर एकेक केस सुटा, रेशमाहून बारीक, बोटभर लांब, आणि प्रत्येक केसाला हवेचे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे लटकलेले. दुपारी दिवा लागला की ते बुडबुडे एकेक करून सुटायचे आणि वर जायचे. म्हणजे ते खात होतं, श्वास घेत होतं, सुखात होतं. चिमटीत धरून ओढलं तर मधेच तुटायचं, मूळ फांदीवर तसंच. आणि तुटलेला केस तरंगत जाऊन जांभळ्या फांदीवर संसार मांडायचा. माझ्या हाताला वरंध्याच्या भिंतीला पावसाळ्यात येतो तो वास आला. घाट चढून आलेल्या समुद्रानं चार महिन्यांत आमचा रहिवासी दाखला मिळवला होता.

टाकी गावाला माहीत झाली होती, दाढीही झाली. सल्ले सुरू झाले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ब्लिचिंग पावडर टाका, आमच्या हौदाला तेच करतो. मुख्याध्यापकांचं म्हणणं, दुर्लक्ष करा. चाळीस वर्षं त्यांनी खात्यात हेच केलं आणि सगळं मार्गी लागलं. जाणकारांनी मात्र सांगितलं, गोगलगाई सोडा. समुद्रातल्या काही गोगलगाईंना हेच शेवाळ खायला आवडतं. मी पुण्याहून चार आणल्या, सहाशे रुपयांना. ही बातमी ऐकून शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, गोगलगाई इकत आणल्या?"

"हो मामा."

"पैसं दिऊन?"

"हो."

"आन् त्या मिठाच्या पान्यात सोडल्या?"

मामांचा घेवडा दर पावसाळ्यात गोगलगाई फस्त करतात. रात्री बॅटरी घेऊन, मुठीत मीठ घेऊन ते बांधावर फिरतात; मीठ पडलं की गोगलगाय पाणी होते. ह्या माणसाला मिठात जगणारी गोगलगाय पटवून देणं माझ्या शिकवण्यापलीकडचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमानं अर्धी पिशवी गोगलगाई आणून टेबलावर ठेवल्या. "फुकट हायेत. तुमच्यात टाकून बघा, मरत्यात का." मी त्या परतीच्या वाटेवर विंझरच्या पुढं झाडीत सोडल्या. कुणाचा घेवडा होता माहीत नाही. मनाला लागून राहिलंय.

विकतच्या चौघींनी काम केलं, खोटं बोलणार नाही. पण एका दाढीला चार न्हावी पुरेनात. खऱ्या समुद्रात ह्या कामाला फौज असते: पोपटमासे, सर्जन मासे आणि अंगभर काटे असलेले सी-अर्चिन. हे लोक दिवसरात्र खडक खरवडत राहतात म्हणून प्रवाळ उघडं राहतं. 1983 साली, म्हणजे लॉर्ड्सवर आपण वेस्ट इंडिजला धूळ चारली त्याच वर्षी, कॅरिबियन समुद्रातल्या लांब काट्यांच्या अर्चिनांना कसलीशी साथ लागली. वर्षभरात दहांतले नऊहून अधिक मेले आणि जमेकाच्या आसपासची प्रवाळं शेवाळाखाली गेली. पराभवाचं वर्ष त्यांना सगळीकडूनच आलं. आणि गंमत अशी, की प्रवाळाचं पोट भरतं तेसुद्धा शेवाळाच्याच जिवावर. त्याच्या पेशींत बारीक शैवाल राहतं, उन्हावर स्वयंपाक करतं आणि घरमालकाला वाढतं. आतलं शेवाळ भाडेकरू, बाहेरचं अतिक्रमण. भोरच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा उपाय अंधाराचा. शेवाळाला उजेड लागतो, तेव्हा टाकी तीन दिवस पूर्ण झाका. मी घोंगडी टाकली. दिवाणखान्यात घोंगडीखाली काहीतरी आयताकृती, आतून गुरगुर आवाज. येणारा प्रत्येक जण चप्पल काढताना आवाज खाली घ्यायचा. काकूंनी विचारलं, "ग्रहण आहे का?" दुसऱ्या रात्री पाऊस पेटला आणि गावाचीच लाईट गेली. आमच्या बाजूला जुलैत तीन दिवसांचा अंधार मिळवायला घोंगडी लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण दिव्याबरोबर पंपही बंद पडतो आणि पंप बंद म्हणजे माशांचा प्राणवायू बंद. मग मी, ही आणि चिरंजीव, तिघं पाळीपाळीनं पहाटे चारपर्यंत मगनं पाणी उचलून पुन्हा टाकीत ओतत होतो. आईनं अंथरुणातून विचारलं, "अभिषेक किती वेळ चालणार?"

आणि मग व्होडका.

हसू नका, ही खरीच पद्धत आहे. पाण्यात व्होडकाचे थेंब टाकले की त्यातल्या कार्बनवर जिवाणू पोसतात. पोसताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतात. मग फेस काढणारं यंत्र, स्किमर, त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतं. गुळाच्या काहिलीवरची मळी काढतात तसं. शेवाळाच्या ताटातलं दुसऱ्यानं खायचं, असा बेत. शंभर लिटरला सुरुवातीला काही थेंबच.

पण मास्तर आणि व्होडका! भोरमध्ये मला ओळखत नाही असा माणूस फक्त राजवाड्यात शूटिंगला येणारा नट. म्हणून मी शिरवळकडे गेलो. दुकानाच्या जाळीपुढं उभा राहिलो तर शेजारी आठवी 'ब' मधल्या पोराचे वडील.

"सर! तुम्ही?"

"माशांसाठी," मी म्हणालो. अगदी खरं बोललो.

"माशांबरोबर व्हिस्की चांगली लागती सर," ते म्हणाले आणि दुकानदाराला परस्पर सांगितलं, "सरांना व्हिस्की दे."

व्होडका घेऊन मी कसाबसा निसटलो. घरी बाटली फडताळात तांदळाच्या डब्यामागं ठेवली, शेजारी मापायला सुई काढलेली सिरिंज. तिसऱ्या दिवशी आईला दोन्ही एकदम सापडलं. ती ओरडली नाही. देवापुढं बसली आणि मी घरात शिरल्यावर इतकंच म्हणाली, "तुझे आजोबा तमाशाला जायचे. पण इंजेक्शननं कुणी घेत नव्हतं रे."

समजूत घालण्यात दोन दिवस गेले. तेवढ्यात चिरंजीवांनी बाबांना मदत म्हणून अख्खी सिरिंज टाकीत रिकामी केली. पाणी ताकासारखं पांढरं. जिवाणूंची जत्रा भरली की ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, त्यामुळं भाऊ आणि बाळू वरच्या पृष्ठभागाला तोंड लावून हापसत राहिले. निम्मं पाणी बदललं तेव्हा ते सावरले. बाटली काकूंच्या सांध्यांना चोळायला गेली. त्यांना गुण आला म्हणतात.

ह्या सगळ्यात पाण्याचंही झालं. नळाच्या पाण्यातूनही फॉस्फेट येऊ शकतं म्हणून माशांसाठी आरओचं यंत्र बसवलं. "माशांना फिल्टरचं आणि मला नळाचं," आई काकूंना सांगायची. "दूध तरी एकच आहे अजून."

इतकं करून दाढी होतीच. शेवटी मी नायट्रेट तपासायची बाटली आणली. पाण्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा. पिवळा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे बिघाड. आमचा रंग आला तो जास्वंदीचा. ही एवढी घाण येते कुठून? मी पंपाची जाळी उघडली. आत काळपट गाळ आणि गाळात चार पांढरी शितं. बोटानं चुरडून वास घेतला. समुद्राच्या पाण्यात आठवडाभर राहूनही सुटला नव्हता, आंबेमोहोरच.

माशांच्या खाण्याच्या डब्यावर मी बॉलपेननं रेघ मारली, दूधवाल्याच्या किटलीला मारावी तशी. एका दिवसात डबा रेघेखाली बोटभर गेला. महिन्याचा डबा. घरात चौकशी समिती बसली.

ही म्हणाली, "मी फक्त सकाळी, दिवा लावताना. चिमूटभर." चिरंजीव शाळेतून मित्र घेऊन येतो, मासे वर यायला हवेत म्हणून टाकतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तोंडाकडं बघत्यात हो, काचंला येऊन. मन नाही होत." आईनं आवाज चढवला: "माझ्या घरात कुणी उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही. भात ठेवते पानातला. देवाच्या नावानं."

"आणि तुम्ही?" हिनं विचारलं.

मी? मी रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर. दिवसभर बाहेर असतो. अपराध्यासारखं वाटतं.

पाच वेळा. दोन बोटांएवढे दोन मासे आणि दिवसाला पाच पंगती. मासे खातील तेवढं खातात, उरलेलं कुजतं. कुजलं की त्याचं अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, आणि वरून आठ तास झगझगीत दिवा. मी हे सगळं दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना सविस्तर सांगितलं. ते बिडी विझवून म्हणाले, "म्हंजी गुरुजी, तुम्ही युरिया टाकताय, डीएपी टाकताय, आन् वर इचारताय तण का वाढतंय."

सहा महिने, चार गोगलगाई, एक घोंगडी, एक बाटली आणि एका वर्गात मावेल एवढी बदनामी. उत्तर बांधावर बसलं होतं.

मग डबा माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवा सहा तास. दर रविवारी दहा लिटर पाणी बदल. आणि रेझिनचं प्रवाळ बाहेर काढून, पाटावर बसून, जुन्या टूथब्रशनं फांदीन् फांदी घासणं. वन्यजीव कायद्यानं माझ्यावर केवढे उपकार केले ते तेव्हा कळलं. खऱ्या जिवंत प्रवाळाला असा ब्रश मारला असता तर ते तिथंच मेलं असतं. गणपतीपर्यंत गुलाबी गुलाबी झालं, जांभळं जांभळं. तपासणीचं पाणी पिवळं आलं. मी त्या नळीचा फोटो काढला.

गौरींना घर भरलं. नैवेद्य झाला, बायका टाकीपुढं जमल्या. एक मावशी कामथडीहून आलेल्या. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"गेल्या खेपेला ते हिरवं झुलत होतं ते कुठं गेलं हो? फार गोड दिसायचं. पाऊस लागलेल्या गवतासारखं."

"ह्यानं काढलं," आई म्हणाली. "उपाशी ठेवलंय सगळ्यांना."

पंधरा-वीस डोकी माझ्याकडं वळली. हातातली पुरणपोळी खाली ठेवावी की खावी, मला सुचेना. काचेला तोंड लावून भाऊ आणि बाळूही बघत होते.

रात्री सगळे झोपल्यावर मी कपाट उघडलं. डबा जागेवर होता. झाकण घट्ट होतं. फक्त आतलं खाणं माझ्या रेघेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.